न दिसणारा विस्तव

दोन वर्षांपूर्वी, ऐन मिरगाच्या तोंडावर, आमच्या घरातली चूल बंद झाली. आईच्या छातीचा फोटो बघून डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे धूर नको, थोडासुद्धा नको. आई तेव्हा ७८ वर्षांची होती. त्यातली साठ वर्षं तिने त्या चुलीसमोर काढलेली. गॅस होता घरात, चहा-भाताला. पण सकाळची पेज, आंघोळीचं पाणी आणि मासळी चुलीवरच. डॉक्टरांसमोर ती काही बोलली नाही. घरी आल्यावर स्वतःच चुलीतली राख काढली, वैलावरचं मडकं उतरवलं, चूल शेणाने सारवली आणि वर एक परात पालथी घातली. घरातलं मोठं माणूस गेल्यावर त्याची खाट उचलून ठेवावी, तशा हाताने ती हे सगळं करत होती. मला बघवेना.

पंधरा-वीस दिवसांनी एवढंच म्हणाली, "सगळा जमात गो, पण भाजलेलो बांगडो खय गावतलो?"

आमचं गाव मालवण तालुक्यात, खाडीच्या काठाला. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली की तिथून ताजा बांगडा घरी यायला अर्धा तासही लागत नाही. आमच्याकडे बांगड्याची कढी होते, तिखलं होतं, तवा होतो, पण भाजलेला बांगडा ही गोष्टच वेगळी. मीठ, हळद, थोडं आगळ म्हणजे कोकमाचा आंबट रस, बस्स. निखाऱ्यांवर लोखंडी जाळी आणि जाळीवर बांगडा. सोबत उकड्या तांदळाची पेज. आजारातून उठलेल्या माणसाला तोंडाला चव यावी म्हणून देतात ते जेवण. ते आईला मिळत नाही, हे मला सलायला लागलं.

गॅसच्या ज्योतीवर जाळी ठेवून बघितली. बांगडा चरबीचा मासा, त्याचं तेल थेट बर्नरवर पडतं, ज्वाळा वर उसळते, कातडी काळी होते आणि काट्याजवळचं मांस कच्चंच राहतं. घरात धूर होतो तो वेगळाच. शेवटी मुंबईच्या भाच्याने ओट्यावर ठेवायचं इलेक्ट्रिक ग्रिल आणून दिलं. पन्हाळीसारख्या उभ्या खाचांची काळी जाड प्लेट, तिच्या पोटात बसवलेली कॉइल, खाली तेल गळायला ट्रे. वायर ग्रिलपासून सुटी होते आणि त्या वायरच्या टोकालाच तापमान कमी-जास्त करायचा खटका, त्यावर एक छोटा लाल दिवा. मागच्या बाजूला लिहिलेलं, २००० वॅट.

आईने त्याच्यासमोर पाट मांडला. सवयच ती. मग ओटा उंच आहे हे लक्षात येऊन उभी राहिली. सगळीकडून बघून विचारलं, "ह्यात विस्तव खय हा गो?"

मी दिवा दाखवला. तिने मान हलवली. दिवा म्हणजे विस्तव नव्हे.

तिचं खरं होतं. निखारा बोलतो. लालभडक असेल तर मासा ठेवायचा नाही, जळेल. त्यावर पांढऱ्या राखेची पातळ साय आली, की भाजायला योग्य. काळा पडू लागला, की फुंकणी घ्यायची. हे आईला कोणी शिकवलं नाही, ती बघून शिकली, कारण बघता येत होतं. या काळ्या प्लेटवर बघण्यासारखं काहीच नाही. थंड असताना जशी दिसते तशीच दोनशे अंशांवर दिसते. लाल दिवा तरी काय सांगतो? आत थर्मोस्टॅट असतो, प्लेट ठरवलेल्या उष्णतेला पोचली की तो वीज तोडतो आणि दिवा विझतो. उष्णता उतरली की पुन्हा जोडतो, दिवा लागतो. म्हणजे दिवा विझलेला असतो तेव्हा प्लेट सगळ्यात गरम असते. चुलीच्या माणसाला हे उलटंच वाटणार. आई पहिल्या दिवशी दिवा विझला म्हणून प्लेट पुसायला हात पुढे करत होती. मी ओरडले म्हणून वाचली.

नंतर तिने स्वतःची रीत काढली. प्लेटपासून वीतभर वर तळहात धरायचा आणि मनात मोजायचं. "हातच सांगता, तवो तापलो की नाय ता." मीही आता तसंच करते. दिव्याचं ऐकते, पण हातालाही विचारते.

मात्र ते ग्रिल पहिल्यांदा लावायच्या आधीच आमच्या वायरमनने आम्हाला अडवलं होतं, हे बरं झालं. मी ते ओट्यावरच्या नेहमीच्या बोर्डाला लावणार होते, जिथे मिक्सर लागतो. तो दुसऱ्याच कामाला आला होता, त्याने वॅटचा आकडा वाचला आणि म्हणाला, "काकी, ह्या बोर्डार लावशात तर वायर जळतली." मग कागदावर गणित मांडून दाखवलं. २००० वॅटला घरातल्या २३० व्होल्टने भागलं की पावणेनऊ अँपिअरच्या आसपास येतात. मिक्सरचा सॉकेट ६ अँपिअरचा. टीव्हीसाठी, मोबाइलसाठी बाजारात मिळतात ते एक्स्टेंशन बोर्डही बहुतेक तेवढ्याच ताकदीचे. त्यांतून पावणेनऊ अँपिअर अर्धा तास खेचायचे म्हणजे सायकलच्या कॅरिअरवर भाताचं पोतं लादण्यासारखं. दोन मिनिटांत काही होत नाही, म्हणून माणसाला वाटतं चालतंय. तापत असते ती भिंतीच्या आतली वायर, आणि ती कोणाला दिसत नाही.

त्याने १६ अँपिअरचा जाड पिनांचा वेगळा पॉइंट काढला, मेन बोर्डापासून थेट जाड वायर आणून, स्वतंत्र एमसीबीसह, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या खटक्यासह. फ्रिजच्या लाइनवर टाकला नाही. सिंकपासून लांब, वर फळी नाही, खिडकीचा पडदा नाही, आणि वायर ओट्याच्या कडेवरून खाली लोंबकळणार नाही अशा जागी. आमच्या घरात मांजरं आहेत आणि मासळीचा वास आल्यावर मांजर काय काय ओढेल याचा नेम नाही. खर्च ग्रिलच्या निम्म्याहून जास्त झाला. तो एकदम योग्य खर्च होता, असं मी आज छातीठोकपणे सांगते. ग्रिल घेणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारते, पॉइंट कितीचा आहे?

खारी हवा हा किनाऱ्यावरच्या घरांचा वेगळा प्रश्न. आमच्याकडे ती खिडकीचे गज खाते, बिजागऱ्या खाते, तसे सॉकेटच्या आतले पितळी पत्रेही खाते. त्याने जुना सॉकेट उघडून दाखवला. आत हिरवट पूड धरलेली, लहान मुलाच्या नखाएवढे पत्रे, त्यांतला एक सैल. पिन सैल बसली की मध्ये ठिणगी पडते, ठिणगीने पत्रा तापतो, तापला की आणखी सैल होतो. म्हणून दर काही दिवसांनी मी ग्रिल वापरून झाल्यावर, स्विच बंद करून पिन काढल्यावर, पिनेला हात लावून बघते. कोमट असेल तर ठीक. चटका बसेल इतकी गरम असेल, किंवा सॉकेटचं प्लास्टिक पिवळट पडलं असेल, तर तो पॉइंट त्या दिवसापासून बंद आणि वायरमनला फोन.

आणि अर्थिंग. घरामागच्या चिऱ्यांच्या गडग्याजवळ त्याने खड्डा खणला, पाइप उभा केला आणि पाइपाभोवती एक थर मिठाचा, एक थर कोळशाचा, पुन्हा मीठ, पुन्हा कोळसा. आई पडवीतून बघत होती. मीठ आणि कोळसा ओल धरून ठेवतात, त्यामुळे चुकून ग्रिलच्या पत्र्यात उतरलेली वीज आपल्या अंगातून न जाता जमिनीत जाते. आमची जमीन जांभ्याची, पाणी धरत नाही, फाल्गुन-चैत्रात खडखडीत कोरडी होते. म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायचं. ते काम आईने आपल्याकडे घेतलं. तुळशीला पाणी घालून झालं की उरलेलं त्या खड्ड्यात. जन्मभर बांगड्याला लावलं ते मीठ आणि ज्यावर भाजला तो कोळसा, दोन्ही आता जमिनीखाली बसून तिची राखण करतात, हे मला फार आवडतं.

मेन बोर्डाला ३० मिलीअँपिअरवर पडणारं आरसीसीबीही, म्हणजे वीज अंगात किंवा पत्र्यात गळू लागली की लाइन तोडणारा खटका, त्याच वेळी बसवून घेतलं. मासळी साफ करताना ओला हात, ओली लादी, अनवाणी पाय, हे आमच्या स्वयंपाकघरांचं नेहमीचं चित्र. ग्रिलला हात लावायच्या आधी मी हात कोरडे करते आणि पायात रबरी चप्पल घालते. आईला घरात चप्पल पटत नाही. तिच्यासाठी ओट्यासमोर जाड रबरी पायपोस टाकलंय, त्यावर ती उभी राहते.

आता भाजण्याबद्दल.

पहिला बांगडा बिघडला. उकडल्यासारखा झाला, पांढरट, कातडी प्लेटला चिकटलेली. आई काही न बोलता जेवली, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. मग विचार केला तेव्हा कळलं, की चूक बहुतेक पाण्याची होती. भाजल्याचा जो तांबूस रंग आणि खमंग वास असतो तो साधारण १४० अंशांच्या पुढे जमायला लागतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मेयार याने १९१२ मध्ये या प्रक्रियेवर लिहिलं, म्हणून तिला त्याचं नाव आहे. पण माशाच्या अंगावर पाणी आहे तोवर तिथली उष्णता शंभराच्या पुढे सरकत नाही, सगळी ताकद पाण्याची वाफ करण्यात जाते. निखाऱ्यावर हे जाणवत नाही, कारण तिथे आच जास्त असते आणि वाफ मोकळी उडून जाते. इथे मासा प्लेटला टेकलेला, वाफ त्याच्याखालीच अडकते.

तेव्हापासून बांगडा धुऊन, दोन्ही बाजूंनी तीन-तीन तिरप्या चिरा देऊन, मीठ-हळद चोळून पंधरा-वीस मिनिटं ठेवते. मिठाने पाणी सुटतं. ते निथळून टाकायचं आणि जुन्या धुतलेल्या सुती पंचाच्या तुकड्याने मासा टिपून घ्यायचा, चिरांच्या आतसुद्धा. आगळ शेवटी, बोटाने, चिरांमध्ये. ओलं खोबरं, वाटण, रवा यांतलं काही नाही. रवा तव्यावर छान लागतो, खाचांच्या प्लेटवर तो गळून खाली जळतो आणि पुढच्या माशाला कडू वास देतो. तेल प्लेटवर ओतायचं नाही, माशाला चोळायचं, चमचाभर पुरतं. घाण्याचं खोबरेल आईच्या आवडीचं, पण ते १७५ अंशांच्या आसपासच धुरायला लागतं, म्हणून इथे रिफाइंड शेंगदाणा तेल वापरते. खोबरेलाचे चार थेंब वाढताना वरून. वास तोच येतो, धूर होत नाही.

प्लेट आठ-दहा मिनिटं तापू द्यायची, पण रिकामी तापत ठेवून पाणी भरायला जायचं नाही. प्लेटवर नॉनस्टिकचा थर आहे. तो २६० अंशांच्या वर गेला की खराब व्हायला लागतो आणि त्यातून निघणारा वायू माणसालाही चांगला नाही, पक्ष्यांना तर प्राणघातक. शेजारच्या मुलाने लव्हबर्ड पाळलेत, त्या मुलाच्या आईला मी हे मुद्दाम सांगून आले. त्याच कारणाने लाकडी कालथाच वापरायचा, आणि घासायला तारेची घासणी कधीही नाही.

एका वेळी दोनच बांगडे ठेवते. चार मावतात, पण चार थंड मासे एकदम टेकले की प्लेट निवते आणि पुन्हा उकडण्याचा प्रकार होतो. संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज उतरतं, १८० पर्यंतही येतं. व्होल्टेज थोडंसं कमी झालं की आच बरीच कमी होते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १८० ला २००० वॅटचं ग्रिल सव्वाबाराशे वॅटच देतं. पुस्तिकेत लिहिलेली मिनिटं अशा वेळी काही कामाची नाहीत. म्हणून आमच्या घरी बांगडा शक्यतो दुपारी भाजतात.

एकदा ठेवला की हलवायचा नाही. मला राहवत नसे, मी कालथा घालून बघायचे आणि कातडी फाटायची. आई म्हणाली, "घाई करू नको. तो आपलो आपण सुटतलो." खरंच सुटतो. खालची बाजू नीट भाजली की मासा प्लेट सोडतो. ओढावा लागत असेल तर वेळ झालेली नाही. एकदाच उलटायचा. झाला की नाही हे बघायला मधल्या काट्याजवळ सुरीचं टोक घालून मांस हलकेच उचलायचं. काचेसारखं दिसत असेल तर आणखी दोन मिनिटं, पांढरं होऊन काट्यापासून सहज निघत असेल तर झाला. भाच्याकडे टोचायचा थर्मामीटर आहे. मासळीला आतून ६३ अंश, कोंबडीला ७४, एवढं त्यावर बघून घ्यायचं. कोंबडी करत असाल तर थर्मामीटर जरूर वापरा, तिथे नजर फसते.

खालच्या ट्रेमध्ये पेलाभर पाणी, वायर जोडायच्या आधी. गळालेली चरबी कोरड्या गरम ट्रेवर जळत नाही, पाण्यात पडून निवते. धूर कमी होण्याचं निम्मं गुपित या पेलाभर पाण्यात आहे, आणि आमच्या घरात धूर म्हणजे आईचा श्वास. एक्झॉस्ट फॅन आधीपासून चालू, खिडकी उघडी, आणि तरीही पहिले चार-सहा वेळा मी आईला पडवीतच बसवलं होतं.

पावसात परसातल्या हळदीची पानं मोठी होतात तेव्हा मासा थेट न ठेवता पानात गुंडाळून ठेवते. पान आधी आचेवर धरून मऊ करायचं म्हणजे दुमडताना फाटत नाही. गळत नाही, चिकटत नाही, आणि घरभर जो वास सुटतो त्याला मी काय म्हणू! ग्रिलवर मला सगळ्यात जमलेली गोष्ट कोणती विचाराल तर ही.

आणखी एक, बांगड्याबद्दल. मीठ लावून ठेवलेला मासा लाइटची वाट बघत ओट्यावर तासन् तास ठेवू नका. उष्ण हवेत बांगड्याच्या मांसात हिस्टामीन नावाचं बाधणारं द्रव्य तयार होतं आणि ते नंतर कितीही भाजलं तरी जात नाही. तोंड लाल होणं, खाज, डोकं ठणकणं, हे पुष्कळदा त्यामुळे असतं. लाइट नसेल तर मासा बर्फात, नाहीतर सरळ गॅसवर कढी.

लाइटवरून ती रात्र आठवते. तिच्याबद्दल लिहायलाच हा लेख सुरू केला.

गेल्या वर्षी एप्रिल. दुपारी मासळी उशिरा आली म्हणून रात्री भाजायला घेतली. सहा-सात मिनिटं झाली असतील आणि लाइट गेली. आमच्याकडे हे नवीन नाही. चार्जिंगचा दिवा लावला, अर्धे भाजलेले बांगडे तव्यावर टाकून गॅसवर पुरे केले आणि खळ्यात, म्हणजे अंगणात, वाऱ्याला बसून जेवलो. अंधारातच भांडी आवरली. ग्रिल निवलं होतं, सपाट जागा होती, म्हणून त्यावर प्लास्टिकचं एक झाकण ठेवलं आणि त्यावर ओट्याचं फडकं घडी करून ठेवलं. खटका चालूच होता. पिन भिंतीत होती. मला ते आठवलंसुद्धा नाही, कारण समोर विस्तव दिसत नव्हता. चुलीत निखारे असते तर त्यावर फडकं ठेवायला माझा हात धजला असता का?

लाइट रात्री दीडच्या पुढे कधीतरी आली. मला पंख्याच्या वाऱ्यात आणखी गाढ झोप लागली. आईला जाग आली ती वासाने. जिला डॉक्टरांनी धूर वर्ज्य सांगितलेला, तिलाच आधी धूर कळला. तिची हाक ऐकून धावले तेव्हा स्वयंपाकघरात छातीपर्यंत काळा, कडवट धूर. मी ग्रिलकडे गेले नाही, आधी मेन बोर्डावरचा खटका पाडला. हे एक शहाणपण कुठून सुचलं कोण जाणे. पाणी ओतलं नाही. दारं-खिडक्या उघडल्या, नाकाला ओला पदर लावून चिमट्याने फडकं उचललं आणि बाहेर मोरीत टाकलं. ते मधोमध तपकिरी झालं होतं, कडेला एक ठिणगी सरपटत होती. झाकण वितळून खाचांमध्ये उतरलं होतं. आणखी दहा मिनिटांनी काय झालं असतं ते मला लिहायचं नाही.

आई पहाटेपर्यंत खळ्यात खोकत होती. मी तिच्या पाठीवर हात फिरवत बसले होते. तिला धूर लागू नये म्हणून आणलेल्या वस्तूने, माझ्या हातून, तिला तिच्या चुलीने वर्षभरात दिला नसेल एवढा धूर एका रात्रीत दिला. ती रागावली नाही. उजाडल्यावर, श्वास बसल्यावर म्हणाली, "जो इस्तव दिसणा नाय, तेका जास्त भियाक व्हया."

तेव्हापासून लाइट गेली की दिवा शोधायच्या आधी ग्रिलची पिन निघते. अंधारात चाचपडत का होईना, पण आधी पिन. ग्रिल निवलेलं असो-नसो, त्यावर काही ठेवायचं नाही, रिकामं ताटसुद्धा नाही. चालू ग्रिल सोडून दारात कोण आलं ते बघायलाही जायचं नाही.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात आणखी एक गोष्ट कळली. यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत आम्ही सुक्यावर असतो, खारा बांगडा, सोडे, गोलमा, आणि ग्रिल फळीवर. नारळी पौर्णिमेनंतर उत्साहाने काढलं, पिन लावली, आणि आरसीसीबी पडलं. पुन्हा उचललं, पुन्हा पडलं. मला वाटलं मोडलं. वायरमन म्हणाला, कॉइलच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड भरलेली असते, वीज अडवून उष्णता जाऊ देणारी. ती हवेतली ओल शोषते. दोन महिने कोकणातल्या पावसात पडून राहिल्यावर ती ओलावली आणि वीज पत्र्याकडे झिरपायला लागली. चांगली दोन-तीन उन्हं दाखवली, त्याने मीटरने तपासलं, मग चाललं. काही लोक अशा वेळी आरसीसीबी वगळून थेट जोडून चालवतात. तसं करू नका, ते पडतं म्हणूनच आपण उभे असतो. आता मी पावसात दर आठवड्याला ग्रिल काढते, काही ना काही भाजते. खारा बांगडा धुऊन, टिपून, मंद आचेवर. वांगं. रताळी. ग्रिलही सुकं राहतं. फणसाच्या आठळ्या भाजताना मात्र प्रत्येकीला सुरीने एक चीर हवीच, नाहीतर आत वाफ कोंडून ती फटाक्यासारखी फुटते आणि डोळ्यावर येते.

काजूच्या बियांना मी घरात हात लावू देत नाही. भाचा मे महिन्यात ओंजळभर बिया घेऊन आला, ग्रिलवर भाजूया म्हणून. सालीतलं तेल कातडीला लागलं तर फोड येतात, तापलं की पेट घेतं, आणि त्याचा धूर डोळ्याला-घशाला झोंबतो. लहानपणी आम्ही बिया भाजायचो ते मांगराच्या पलीकडे, भोकं पाडलेल्या पत्र्यावर, लांब काठीने, वाऱ्याची दिशा बघून. ते काम तिथेच बरं.

निखारा तरी आम्ही पूर्ण सोडलेला नाही. भाजलेल्या बांगड्याचा जो धुरकट वास, तो चरबी निखाऱ्यावर पडून उठतो, आणि ग्रिल तो देत नाही. हे मान्य करायला हवं. मग सणासुदीला खळ्यात, उघड्यावर, करवंटीचा एकच निखारा करते. भाजलेले बांगडे पातेल्यात, मध्ये वाटीत निखारा, त्यावर दोन थेंब खोबरेल, झाकण दोन मिनिटं. आई पडवीत, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. झाकणही तिथेच खळ्यात उघडायचं आणि निखारा पाण्यात विझवून मगच बांगडे आत. पेटलेला कोळसा बंद खोलीत नेत नाही, आमच्या घरात नाही आणि कोणाच्याच नको. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो, ना त्याला वास.

वायर ग्रिलपासून सुटी होते, हे वर लिहिलंच आहे. लावताना आधी ग्रिलला, मग भिंतीला. काढताना आधी भिंतीचा स्विच, मग पिन, मग ग्रिलकडचं टोक. ते टोक पाण्याला लागू द्यायचं नाही. प्लेट कोमट असतानाच ओल्या फडक्याने पुसते, म्हणजे खरवडावं लागत नाही. त्या रात्रीनंतर ही वायर ओट्यावर राहत नाही. ती आईकडे असते. पडवीत तिच्या खाटेच्या डोक्याशी भिंतीत एक कोनाडा आहे, जिथे ती इतकी वर्षं काड्यापेटी ठेवायची. पूर्वी रात्री निखारे राखेखाली झाकून झाले की काड्यापेटी कोनाड्यात ठेवायची आणि मग आडवी व्हायची. आता मासे आले की मी वायर तिच्याकडून मागून नेते.

परवा बांगडे भाजून झाले आणि वाढायला घेतले तेवढ्यात लाइट गेली. अंधारातून आवाज आला, "पिन काढलंस मां गो?" काढली होती. वायर नेऊन तिच्या हातात दिली. टोक अजून कोमट होतं. तिने ते दोन्ही तळहातांमध्ये थोडा वेळ धरून ठेवलं, निवल्यावर वायर गुंडाळून कोनाड्यात काड्यापेटीशेजारी ठेवली आणि पेजेचं ताट पुढे ओढलं.